मधला दलाल

धाकूअप्पांनी माउस उलटा करून पुसला, जागेवर ठेवला आणि पडद्यावरची चौकट पुन्हा बंद केली. ती पुन्हा उघडली, आणि स्वस्तातले नवे खेळ दाखवू लागली.

"ऋत्विक, हा दलाल आधी काढून टाक," ते फोनवर गरजले.

"दलाल नाही अप्पा, क्लायंट. गेमच्या दुकानाचाच प्रोग्राम. गेम अपडेट करतो, आपल्यापैकी कोण काय खेळतंय ते दाखवतो."

"गेम मी विकत घेतला ना? मग माझ्या नि माझ्या जहाजाच्या मधे हा कोण? बंदरावर असतात असले. जाळं टाकलं नाही, टोपली उचलली नाही, पण प्रत्येक व्यवहारात उभे!"

ठाण्याहून मुलगा हसला. "ऐच्छिक आहे तो. नको तर काढा. वेबसाइटवरून नुसता गेमही उतरवता येतो."

"ऐच्छिक, तर मग टाकताना मला विचारलंस कधी?"

क्लायंट कसा काढायचा, तेवढं ऋत्विकने सांगितलं.

अप्पांची उभी हयात जहाजांवर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून गेली होती. निवृत्त झाल्यावर ते जहाजाच्याच गेममध्ये रमले. कमळाबाई शेजारणींना सांगायच्या, "खऱ्या समुद्रावर होते तेव्हा निदान पगार तरी यायचा."

अप्पा क्लायंट काढायला बसले आणि थबकले. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका होता. शेजारी मुलीचं नाव, शमिका. त्याखाली ती खेळत असलेल्या शेतीच्या गेमचं नाव.

"कमळे, ऐकलंस काय गो? तुझी लेक पुण्याच्या ऑफिसात बसून शेती करतेय!"

"करू दे," कमळाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "इथे लावणीला बोलावलं की तिची कंबर दुखते."

शमिकाला रंगेहाथ पकडायचं म्हणून अप्पांनी क्लायंट काढणं लांबणीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ठिपका हिरवा झाला. दुपारी जेवणाच्या सुट्टीपुरता विझला, पुन्हा पेटला, आणि ऑफिस सुटायच्या वेळेला मावळला. पुढचे दिवसही तसेच. अगदी हजेरी लावल्यासारखे.

शेवटी ठिपका हिरवा असतानाच अप्पांनी फोन लावला. थट्टा ओठावर तयार होती.

"काय करतेस गो?"

"मीटिंगमध्ये आहे अप्पा," शमिका लगेच म्हणाली. "नंतर करते."

मागे कोंबड्यांची कलकल ऐकू येत होती. मग तीही बंद झाली.

थट्टा ओठावरच राहिली. अप्पांनी फोन मांडीवर ठेवला. कमळाबाईंनी कोणाचा फोन म्हणून विचारलं, तर "रॉंग नंबर," म्हणाले.

संध्याकाळी ऋत्विकने विचारलं, "काढला का क्लायंट?"

"असू दे. पडलाय कोपऱ्यात, खायला थोडाच मागतो?"

मग त्यांनी पुन्हा शमिकाला फोन केला. "माझं जहाज धक्क्याला लागत नाहीये. दोन दिवस ये आणि दाखव."

"फोनवर सांगते ना."

"फोनवरून जहाज लावतात होय?"

"सुट्टी मिळते का बघते," ती म्हणाली. मग हळूच, "मिळेल."

दोन दिवसांसाठी शमिका दोन मोठ्या बॅगा घेऊन उतरली. कमळाबाईंनी बॅगांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. अप्पा पंख्याकडे बघत होते.

जेवण झाल्यावर ती कॉम्प्युटरसमोर बसली.

"अप्पा, जहाज तर लागलंय. दोरसुद्धा बांधलेत."

"लागलं असेल चुकून."

शमिकाची नजर कोपऱ्याकडे गेली. तिथे एकच नाव होतं, तिचं. आज ठिपका विझलेला होता.

"अप्पा, गेल्या महिन्यात ऑफिसने—"

अप्पांनी तिच्या हातून माउस घेतला. एकेक दोर सोडला, जहाज धक्क्यापासून दूर काढलं, पार उघड्या समुद्रात नेलं आणि माउस पुन्हा तिच्या हाताखाली सरकवला.

"हां," ते म्हणाले. "आता आण आत. घाई नाही."