ऐजन

“ताई, ऐजन ही जात कोणती व?”

कचेरीतल्या रेकॉर्डरूमच्या खिडकीच्या गजांतून कागद आत आला. ज्योत्स्नाने हातातला ब्रश खाली ठेवला आणि वाचला. कागद नवा करकरीत, संगणकातून काढलेला, वर कचेरीचा शिक्का. नाव : नत्थू वल्द सोमा मडावी. जन्म : १९३८. जात : ऐजन.

“नत्थू माया आजा,” बाहेरची पोरगी म्हणाली. स्वीटी तिचं नाव, सकाळच्या एस.टी.ने समुद्रपूरकडून आईला घेऊन वर्ध्याला आली होती. “नर्सिंगले नंबर लागला माया. पडताळणीवाले म्हनते, ऐजन नावाची जात यादीतच नाई. परवापर्यंत बरोबर कागद आन, नाई तं सीट गेली समज.”

“आमी गोंड आहो बाई,” तिची आई बायजाबाई म्हणाली. “आमचे बुढे बी गोंडच होते. हे ऐजन कुठून आनलं तुमी?”

कुठून आणलं ते ज्योत्स्नाला पक्कं ठाऊक होतं. ऐजन म्हणजे वरच्यासारखंच. गावचा जुना कोतवाल जन्म-मृत्यूच्या बहीत पहिल्या ओळीला जात लिहायचा आणि खाली ऐजन, ऐजन करत पानामागून पान जायचा. बही शाबूत होती तोवर काही बिघडत नव्हतं. चार पानं मागे उलटली की जात सापडायची.

आता बही शाबूत नव्हती आणि ती ज्योत्स्नानेच उसवली होती. दोन वर्षं रोज पिपरी मेघेहून यायचं, बह्यांची शिवण कापायची, गंजलेल्या टाचण्या काढायच्या, धूळ झाडायची, दुमडलेले कोपरे सरळ करायचे, पानावर पेन्सिलीने नंबर घालायचा आणि पान स्कॅनिंगला द्यायचं. एक पान, एक फाइल. त्या फाइली बघून नाव आणि जात टाइप करणारी माणसं कुठल्या शहरात बसतात, हे कचेरीत कोणाला माहीत नव्हतं. त्यांना दिसलं ऐजन, त्यांनी ठोकलं ऐजन. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. पहिल्याच महिन्यात तिने रेकॉर्डरूमच्या मधुकररावांना सांगितलं होतं, यांना मागचं पान पाहून लिहायला सांगा म्हणून. “तुह्यं काम टाचन्या काढाचं,” ते म्हणाले होते.

तिने संगणकावर जातीच्या रकान्यात ऐजन टाकून शोधलं. दोन हजार सहाशे अकरा माणसं निघाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात मधुकरराव तक्ता घेऊन आले. आवारात गाडी लागली होती. स्कॅन झालेली मूळ पानं पोत्यांत भरून ठेवली होती आणि ती कागदाच्या लगद्याच्या कारखान्यात जायची होती. तपासणीच्या तक्त्यावर ज्योत्स्नाची सही तेवढी बाकी होती.

“कर लवकर. डायव्हर बोंबलून राह्यला.”

तक्त्यात चाळीस बह्या होत्या. पहिल्या बहीपुढे मधुकररावांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘तपासले, बरोबर आहे.’ त्याखाली एकोणचाळीस वेळा, ऐजन.

“साहेब, हे खाली काय लिहिलं?”

“वाचता येत नाई काय? ऐजन.”

“म्हंजे काय?”

“म्हंजे वरच्यावानीच. सही कर ना बाई.”

“तुमाले समजते तं मंग.” ज्योत्स्नाने स्वीटीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. “आता या पोरीच्या आज्याची जात वाचा.”

मधुकररावांनी वाचलं. खिडकीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “ते टाइपिंगवाली कंपनी पाहून घेईन. वरून आजची तारीख हाये. तुह्यं काँट्रॅक्ट बी याच महिन्यात संपते, ध्यानात ठेवजो.”

“कंपनी काय पाहीन? पानं गेले का मंग कोनाले इचाराचं पोरीनं, लगद्याले?” तिचा आवाज चढला. “दोन वर्स मी माह्या हातानं बह्या फाडल्या साहेब. लोकाईचे आजे हाये त्यात. शरम कशी नाई वाटत आपल्याले?”

तिने पेन उचललं. पहिल्या ओळीतला ‘बरोबर’ खोडून त्यावर ‘चूक’ लिहिलं. तपासले, चूक आहे. खालच्या एकोणचाळीस ओळींना तिने हात लावला नाही. तळाशी पूर्ण नावाची सही केली.

मधुकररावांनी तक्ता ओढून घेतला. “अवं, तू तं अख्ख्या चाळीस बह्या...”

“मी एकच शब्द लिहिला साहेब. बाकीचे तुमीच लिहिले.”

गाडी रिकामी परत गेली. तिला कामावर ठेवणाऱ्या एजन्सीचा फोन चार वाजता आला, उद्यापासून येऊ नका. ज्योत्स्नाने बरं म्हटलं आणि पोतं उपसत राहिली. पान बेचाळीसवर नत्थू होता. एक्केचाळीसवर ऐजन, चाळीसवर ऐजन, एकोणचाळीसवरही तेच. अडतीसच्या पहिल्या ओळीत, शाई फिकी झालेली पण अक्षर ठसठशीत, गोंड.

पाचही पानांच्या नकला निघाल्या. मधुकररावांनी एकेका नकलेवर शिक्का मारला. बायजाबाईने कागद पदराखाली धरले आणि मायलेकी शेवटच्या एस.टी.साठी निघाल्या.

कचेरी बंद व्हायला दहा मिनिटं होती. ज्योत्स्नाने खणातून सुईदोरा काढला, अडतीस ते बेचाळीस ही पानं एकावर एक जुळवली आणि तिनेच उसवलेल्या जुन्या भोकांतून टाका घालायला बसली.