लोकरीखालचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. भिंतीवरचा नाही की टेबलावरचा नाही. छताला गोल भोक पाडून त्यात गळ्यापर्यंत बसवलेला, खाली फक्त तोंड दाखवणारा हॅलोजनचा दिवा. जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून, उंच घाट ओलांडून मी किर्गिझ लोकांच्या नारीन गावी आलो. इथल्या थंडीत शिंक जमिनीवर पडेपर्यंत गोठते, असे ते म्हणतात. ते थोडे वाढवून सांगतात. मी पाच वर्षे त्यांना वरून पाहिले आहे.

बेयशेनने घर नवे केले तेव्हा आम्हा बारा भावंडांना बैठकीच्या खोलीत बसवले. माझी जागा मानाच्या पाहुण्याच्या बरोबर डोक्यावर. गल्लीतली माणसे मुद्दाम चहाला येत आणि कपापेक्षा वरच जास्त बघत. मी फुगून गेलो. पण खरे सांगतो, माझा व्यवहार पहिल्यापासूनच तोट्याचा होता. दहा घास वीज खायची आणि एका घासाचा उजेड द्यायचा. बाकी नऊ घासांची नुसती धग. ती माझ्या पाठीमागून माळ्यात निघून जाई. तिथे मोकळी हवा होती तोवर कोणाचे काही बिघडले नाही.

बिघडले ते मायेने. बेयशेनची आई सायराकान, जिला सगळे आपा म्हणजे आई म्हणत, छताकडे बघून म्हणाली, "बारा भोकं पाडलीस! घराची ऊब आभाळाला वाटतोस का रे?" आणि पहिल्याच हिवाळ्यात ती शिडी लावून माळ्यावर चढली. लोकर दाबून केलेले जुने जाड नमदे तिने आम्हा सगळ्यांच्या पाठीवर पांघरले. वर हात फिरवून म्हणाली, "झोपा आता उबेत."

तेव्हापासून माझा जीव घुसमटू लागला. माझ्या पाठीशी एक छोटी पेटी होती, वीज माझ्या बेताची करून देणारी. ती शहाणी होती. फार तापली की आपणहून बंद पडे आणि मी विझे. निवली की मी पुन्हा पेटे. आम्हाला बोलण्याची तेवढीच एक रीत ठाऊक होती.

माणसांनी मात्र तिचा भलताच अर्थ लावला. मेजवानीत उभे राहून शुभेच्छा द्यायच्या, हा इथला रिवाज. आपाचा धाकटा भाऊ ओसमोन एकदा उठला की अर्धा तास खाली बसत नसे. नेमका तेवढ्यात मी तापून विझे.

"मामा, दिव्यालासुद्धा डुलकी लागली," बेयशेन म्हणे.

"दिवा कसला डुलतोय! तुझ्या बायकोनं बटण दाबलं असेल. भांडी आवरायची घाई तिला."

ही बायको म्हणजे नूरजामाल. घरात काहीही विझले, नासले, सांडले की नाव तिचेच निघे. मी वरून मोजले आहे. एका हिवाळ्यात मी एकोणीस वेळा विझलो आणि तिने एकोणीस वेळा मुकाट्याने ऐकून घेतले.

मग मेरिमचे, म्हणजे नूरजामालच्या लेकीचे, आपाच्या नातीचे, लग्न ठरले. तिला द्यायला आपाने तीन हिवाळे खपून शिरडाक शिवला होता. रंगीत नमद्याचे तुकडे एकात एक बसवून शिवलेला तो गालिचा; काळ्यावर लाल शिंगांची नक्षी. त्याला बुरशी लागू नये म्हणून आपाने माळ्यातली सगळ्यांत कोरडी, उबदार जागा निवडली. चार घड्या घालून तो माझ्या पाठीवर ठेवला. हे कोणालाच सांगितले नाही.

व्याही पहिल्यांदा जेवायला येणार होते. त्यांच्यासमोर दिवा विझला तर शोभा होईल, म्हणून बेयशेनने बाजारातून नवी पेटी आणली. मला भोकातून खाली ओढले, शहाणी पेटी काढली, ही जोडली आणि मला पुन्हा वर ढकलले. माळ्यावर डोकावलासुद्धा नाही. "ही पक्की आहे," तो म्हणाला. "मामा दोन तास बोलले तरी बंद पडायची नाही."

मित्रांनो, माझी जीभच काढून घेतली त्याने.

व्याही भर दुपारी आले. खिडक्यांवर थंडीसाठी जाड प्लास्टिक ठोकलेले, म्हणून आम्ही बाराही जण पेटलेलो. ओसमोन उठला. त्याचे बोलणे आजोबांच्या घोड्यापर्यंत पोचले तेव्हा माझ्या पाठीवरची लोकर करपू लागली. मी ओरडू शकत नव्हतो. विझूही शकत नव्हतो. खोलीत वास उतरला. आणि मंडळी चक्क खूश झाली! कारण इथे मानाच्या पाहुण्याला मेंढ्याचे डोके वाढतात आणि ते आधी आगीवर धरून त्याची लोकर जाळतात. हा वास म्हणजे त्यांना भुकेची घंटाच.

"वा!" ओसमोन भाषण थांबवून म्हणाला. "डोकं कसं खमंग भाजतंय! व्याहीबुवा, पट्टे सैल करा."

चहा घेऊन आलेली नूरजामाल जागीच थबकली.

"मामा, डोकं तर कालच भाजलं. आत्ता ते हंड्यात शिजतंय."

तिने वर पाहिले. माझ्याभोवती छतावर तपकिरी कडे उमटले होते. तिने किटली खाली ठेवली आणि भर भाषणात खटकन बटण बंद केले.

"सूनबाई!" आपा कडाडली. "पाहुण्यांसमोर हे काय? माणूस बोलतंय ना?"

"बोलू द्या, आपा. अंधारातही ऐकू येतं."

ती शिडीवर चढली. माळ्यात धूर कोंडला होता. तिने एकेक नमदा ओढून अंगणातल्या बर्फात फेकला. शेवटी शिरडाक फेकला. तो बर्फावर चर्रर्र करीत उलगडला. चारही घड्यांना भोके पडली होती. आपा उघड्या दारातून अंगणात धावली आणि तो बघून रडू लागली.

नवऱ्या मुलाची आई, विहीणबाई, बाहेर आल्या. त्यांनी एका भोकातून हात घातला, बोटे हलवून पाहिली, मग वर माळ्याकडे पाहिले.

"आपा," त्या म्हणाल्या, "आणखी एक भाषण झालं असतं, तर डोक्याबरोबर आम्हीपण शिजलो असतो. असं करा, मुलगी तुम्हीच ठेवा. आम्हाला ही सून द्या."

आपा रडता रडता हसली. "सून नाही देणार," ती म्हणाली आणि नूरजामालचे काळे झालेले हात स्वतःच्या डोक्यावरच्या रुमालाने पुसू लागली. पाच वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिले.

पुढच्या आठवड्यात आम्ही बारा जण उतरलो, एलईडी दिवे चढले. माझ्या एकट्याच्या जेवणात त्यांच्यातल्या सात जणांचे भागते. आपाने एकाला हात लावून विचारले, "हा तर गारच आहे. आजारी नाही ना?" नूरजामालने माळ्यावर प्रत्येकाभोवती पत्र्याचे कडे उभे केले आणि नमदे त्यापासून वीतभर लांब अंथरले. गार दिव्यालाही श्वास लागतोच, असे तिने आपाला बजावले. आपाने ऐकले.

मी आता आपाच्या सुयादोऱ्याच्या डब्यात असतो. माझे गोल कडे नमद्यावर ठेवून तिने खडूने चार गोल आखले, पांढऱ्या लोकरीतून कापले आणि शिरडाकाच्या भोकांत बसवले. एका बाजूने ती शिवत होती, दुसऱ्या बाजूने नूरजामाल.

मित्रांनो, आपल्या छतातल्या दिव्याच्या पाठीवर काही ठेवू नका, मायेनेसुद्धा नाही. आणि कोणी वारंवार विझत असेल, तर त्याला नावे ठेवण्याआधी शिडी लावून एकदा वर चढा. त्याच्यावर काय लादले आहे ते पाहा.

मेरिमच्या सासरी पाहुणे विचारतात, लाल शिंगांमध्ये हे चार पांढरे चंद्र कोणाची कल्पना? ती सांगते, "आईची आणि आजीची." माप माझे होते, हे मी तुम्हालाच सांगतो आहे.