सहदेवचं शास्त्रशुद्ध वाळणं

मुलुंडच्या व्यायामशाळेत नंदकुमार परचुरे ऊर्फ नंदूदादा यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. स्वतः त्यांनी कधी डंबेलला हात लावला नव्हता, पण बँकेतून सुटल्यावर ते व्यायामाची परदेशी मासिकं वाचायचे. आता वाचणाऱ्या माणसाशी वाद कोण घालणार?

सहदेव तर मुळीच नाही. संपात गिरणी गेली तेव्हापासून तो घरीच बसून होता. कांजूरमार्गच्या एका कंपनीत खेळाडूसाठी एक जागा होती. घाटकोपरच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत जो पहिला येईल, त्याला नोकरी. फक्त वय अठ्ठाविसाच्या पुढे नको, आणि सहदेव नेमका अठ्ठावीसचा. म्हणजे जे काही करायचं ते याच वर्षी.

नंदूदादांनी फर्मान काढलं. भात बंद, चपाती बंद. अंड्याचं पांढरं आणि काकडी खा. "आणि शंभर किलोच्या बैठका आता विसर. वीस किलो घे आणि पन्नास-पन्नास मार. हलक्या वजनानंच अंगावर कट्स पडतात, एकेक स्नायू वेगळा दिसतो!"

सहदेव लागला मारायला. तीन महिन्यांत चरबी गेली, तिच्या मागून मांड्या गेल्या, मग खांद्यांनीही निरोप घेतला. नंदूदादा रोज म्हणायचे, "झकास!"

त्याची बायको प्रेमा हिनं एकदा तोंड उघडलं. चाळीतलं पाणी तीच भरायची. "अहो, नवरात्रात नऊ दिवस माझ्या पोटात काय असतं? तरी हंडा भरलेलाच उचलते, फेऱ्या तेवढ्या कमी करते. अर्ध्या हंड्याची सवय लावून घेतली, तर दसऱ्याला भरलेला हलेल का माझ्याच्यानं?"

"गप गं! हे शास्त्र आहे," सहदेव म्हणाला. शास्त्रापुढे हंड्याची काय मातब्बरी!

स्पर्धेच्या दिवशी तेल चोपडून तो रांगेत उभा राहिला. दंड फुगवायला गेला, तर फुगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. परीक्षकांनी त्याला वरखाली न्याहाळलं आणि नंदूदादांना बाजूला घेऊन विचारलं, "कावीळ झाली होती का हो याला? आजारी माणसाला कशाला उभं केलंत?" पहिल्या दहांतही सहदेवचं नाव आलं नाही. नोकरी नाहूरच्या एका गड्याला मिळाली.

नंदूदादा खचणाऱ्यांतले नव्हेत. बाहेर आल्यावर सहदेवच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कमरेला चिमूटभर चरबी नाही, बघ! पुढच्या वर्षी पंधरा किलोवर येऊ."

"पुढच्या वर्षी मी एकोणतीसचा, दादा. संपलं सगळं," सहदेव म्हणाला, आणि भर रस्त्यात त्याला रडू फुटलं.

स्पर्धा बघायला आलेली प्रेमा शेजारीच उभी होती. तिनं पदर खोचला.

"नोकरी गेली ती गेली, नंदूभावजी. पण तीन महिन्यांपूर्वी धडधाकट नवरा तुमच्या हवाली केला होता मी. तो कधी परत देताय?"