शेजारचे वॉर्ड

"कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं, यात एवढा घोळ कशाला?" साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. "आपलं जुनं आहे ना? त्यानं काल काय उत्तर दिलं?"

"कारखान्याच्या धुरामुळे मुलांचा दमा वाढतो, असं दिलं," आकडेबाई म्हणाल्या. आरोग्य खात्यात आकड्यांचं काम करणाऱ्या या बाईंना सगळे याच नावानं ओळखत, आणि बाईंनीही ते कधीच मनाला लावून घेतलं नव्हतं.

"मग झालं तर. चारला बैठक आहे. छापा आणि सही करा."

तेच उत्तर बाईंनाही हवं होतं. त्यांची धाकटी बहीण त्या कारखान्याला लागूनच राहायची, आणि तिची पोर रात्री उठून बसून श्वास ओढायची. अहवाल गेला की कारखाना इथून हलेल, या आशेवर धाकटी दिवस ढकलत होती.

"साहेब, जुनं सॉफ्टवेअर शहरातला प्रत्येक वॉर्ड सुटा धरतं. शेजारचे वॉर्ड सारखेच असतात हो. तीच गर्दी, तीच घरातली ओल. एकाच घरातल्या चौघांना विचारायचं आणि चार साक्षीदार मिळाले म्हणायचं, तसं होतंय ते. शेजार लक्षात घेणारं दुसरं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं. सकाळी चालवून पाहिलं."

"आणि?"

"संबंध असेलही, पण खात्रीनं सांगता येत नाही, असं आलं."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, कुणाला कळणार आहे?"

"कारखानेवाल्यांना. त्यांच्याकडेही एखादी आकडेबाई असेलच की. अहवाल एकदा खोटा ठरला, की पुन्हा आपलं कुणी ऐकणार नाही."

"तीनपर्यंत काय ते ठरवा," साहेब म्हणाले आणि उठून गेले.

बाई जागेवर येऊन बसल्या. धाकटीचा फोन वाजत होता, तो त्यांनी पालथा घातला. सकाळी हद्दीला हद्द लागलेले वॉर्ड शेजारी धरले होते. आता अंतरावरून धरून पाहिले. उत्तर तेच. मग नदीपलीकडचे वॉर्ड वगळावेत म्हणून त्यांनी यादी उघडली, आणि त्यांचा हात थांबला. हवं ते उत्तर येईपर्यंत शेजारी बदलत राहायचे, हा कुठला न्याय? त्यांना स्वतःचीच लाज वाटली. यादी बंद करून त्यांनी सकाळचाच निकाल छापला आणि खाली सही केली.

संध्याकाळी धाकटीनं दार उघडलं. "झाली सही?"

"झाली. पण धुरामुळेच होतं, असं नाही लिहिता आलं मला. हवा मोजायची यंत्रं बसवा, वर्षभर मोजा, असं लिहिलंय."

"वर्षभर," धाकटी म्हणाली. "ताई, तेवढे दिवस तिला श्वास रोखून धरायला सांगू का?"

बाई आत गेल्या. पोर उशांना टेकून, बसल्या बसल्याच झोपली होती. हातांना काहीतरी काम हवं म्हणून बाईंनी फडकं घेतलं आणि बंद खिडकीची कड पुसली. धाकटीनं सकाळीच पुसलेली कड, तरी फडकं काळं झालं. त्या ते हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

धाकटीनं फडकं त्यांच्या हातून काढून घेतलं, नळाखाली धुतलं आणि उद्यासाठी दोरीवर वाळत घातलं.