बोलोन्याला निघालेले पॅनकेक

बैस असा. टोपी काढ, नाहीतर बर्फ वितळून मानेत जाईल. तुला मायलिसची गोष्ट सांगतो. आधीच सांगून ठेवतो, हिच्यात कुणी मरत नाही, कुणी कुणाला फसवत नाही. दोन म्हातारी होत आलेली माणसं आणि एक बिडाचा तवा, एवढाच मामला. पण ऐकून झाल्यावर घास गिळवला नाही तर मला बोल लावू नकोस.

तर गेल्या मार्चातला गुरुवार. बाहेर खिडकीला टेकलेला बर्फ आणि आत मायलिस शेगडीपुढं उभी. वाटाण्याचं सूप खाऊन झालेलं. गुरुवारी सूप आणि त्याच्यावर पॅनकेक, हे आमच्याकडं राजाला चुकत नाही आणि कैद्यालाही चुकत नाही. सिक्स्टन टेबलाशी बाह्या सारून बसलेला. पहिला पॅनकेक तव्याला धरला, फाटला, तो तिनं बाजूला टाकला. दुसरा छान उतरला, पातळ, घावनासारखी कडेनं जाळी पडलेला. सिक्स्टननं त्याला जॅम फासला, गुंडाळी केली आणि म्हणाला, हा गॉटलंड.

हा त्यांचा खेळ होता. जूनमध्ये लग्न करायचं ठरलं होतं आणि लग्नानंतर हनीमून. साठीला टेकलेल्या माणसांचा हनीमून म्हटल्यावर गावानं हसून घेतलं, पण सिक्स्टनला त्याचं काही नव्हतं. त्याचं म्हणणं, हनीमूनला फक्त खायचं. गॉटलंडच्या बेटावर केशराचा पॅनकेक खाऊन सुरुवात, मग दक्षिणेला उतरत उतरत लिऑन, बोलोन्या, नेपल्स. तव्यावरून एक पॅनकेक उतरला की एक गाव. आणि प्रत्येक गावाला काय खायचं, कसं खायचं, ते तो असं सांगायचा की जणू कालच तिथनं जेवून आलाय. गेलेला कुठं होता म्हणतोस? फिनलंडच्या बोटीवर. तिथंही सगळा वेळ ओकत होता.

माणूस बसचा ड्रायव्हर. सकाळी शहराला जायचं, संध्याकाळी यायचं. बायको केव्हाच सोडून दक्षिणेला गेली, तेव्हापासून गोठवलेले डबे गरम करून खात होता. मायलिस आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात. मी त्याच शाळेत शिपाई, बल्ब बदलतो, बर्फ ओढतो. तिच्या हातचे मांसाचे गोळे खाऊन पोरं घरी जाऊन आयांना नावं ठेवायची. एका वर्षी शाळेच्या सहलीला बस घेऊन सिक्स्टन आला, पोरांच्या रांगेत उभं राहून जेवला आणि ताट धुवायला आत आला तो बाहेर निघेना. असं जमलं त्यांचं. लग्नाचं विचारलं तेव्हा मायलिसनं नुसता श्वास आत ओढला. आमच्या भागात 'हो' असंच म्हणतात, शब्द कशाला खर्चायचा.

पण त्या मार्चात सिक्स्टनला एक गोष्ट ठाऊक नव्हती. नोव्हेंबरात मायलिस शाळेच्या मागच्या पायरीवर घसरून पडली होती, डोक्याच्या मागच्या बाजूवर. उठली, कपडे झटकले, कामाला लागली. दुसऱ्या दिवशी कॉफी ओतली आणि तिला कॉफीचा वास येईना. सर्दी असेल म्हणाली. मग कांद्याचा येईना. मग कशाचाच येईना. जिभेला गोड-खारट तेवढं कळायचं, बाकी तोंडात घालील ते पुठ्ठा. डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढला आणि म्हणाला, आतले धागे तुटलेत, काहींचे जुळतात, काहींचे नाही जुळत.

हे तिनं फक्त मला सांगितलं, तेही सांगावं लागलं म्हणून. रोज मोठ्या भांड्यातलं चाखायला कुणीतरी हवं होतं. मी चाखायचो आणि बोलायचो, तमालपत्र जास्त झालं, लोणी करपायला लागलंय. ती मान हलवायची. एकदा म्हणाली, मला माझाच वास येत नाही रे, म्हणून मी दोनदा अंघोळ करते. आणि सिक्स्टन जवळ घेतो ना, तर असं वाटतं भिंतीवरच्या चित्राला मिठी मारलीय. मी बादली उचलून बाहेर गेलो.

सिक्स्टनला का नाही सांगितलं? कारण तिला पक्कं वाटत होतं की तो तिच्या हातावर भाळलाय. हात गेला की राहिलं काय? जाडी, गुडघे दुखणारी बाई. त्यात तो दर गुरुवारी येणार आणि सांगणार, "चर्च दिसलं की डोळे मिटायचे, मायलिस. नाक तेवढं उघडं ठेवायचं." ती पाठमोरी उभी राहून पॅनकेक उलटायची.

पण एक गंमत होती, आणि तीच खरी गोष्ट आहे. तो बोलायला लागला की तिला खाल्ल्यासारखं वाटायचं. तो सांगायचा, बोलोन्यात पिठाच्या इवल्या पुड्या करतात, कानाच्या पाळीएवढ्या, आत मांस, आणि कोंबडीच्या रश्श्यात सोडतात, वरनं जायफळ. आणि तिच्या डोक्यात कुठंतरी जायफळ उमटायचं. नाकात नाही, डोक्यात. आठवड्यातनं तेवढंच एक जेवण होतं तिचं. बाकी सहा दिवस ती पोट भरत होती.

त्या गुरुवारी मात्र तिनं ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं. तिकिटं काढायची वेळ आली होती. शेवटचा पॅनकेक झाला की सांगू, असं म्हणत ती तवा हलवत होती. सिक्स्टन आल्या आल्या दारात जरासा थबकला होता, मग कोट अडकवून आत आला. थोड्या वेळानं उकडतंय म्हणून त्यानं खिडकी उघडली. बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी. तिला नवल वाटलं, पण वयानं होतं असं काही पुरुषांना, म्हणून तिनं पुढचा पॅनकेक ओतला. सिक्स्टन गॉटलंड खाऊन लिऑनला पोचला होता, डोळ्यांना पाणी येत होतं, ते बाहीनं पुसत होता आणि बोलत होता. बोलोन्या ताटात पडला तेवढ्यात दार वाजलं.

खालच्या मजल्यावरचा एस्किल. नाकाला रुमाल लावून. कुणाला सहसा उलटून न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी विचारलंन, मार्चात, घरात, दारं लावून हेरिंगचा डबा कोण उघडतं? तुला माहीत नसेल, आंबवलेला हेरिंग मासा आम्ही ऑगस्टात खातो, अंगणात बसून, वाऱ्याची दिशा बघून. घरात जो डबा फोडील त्याच्याशी शेजारी वर्षभर बोलत नाहीत. मायलिस म्हणाली, मी नाही उघडला. आणि म्हणता म्हणता तिनं फ्रिजचं दार उघडलं.

मागच्या ऑगस्टातला राहिलेला डबा कोपऱ्यात होता. फुगून फुगून शिवणीतनं फुटला होता. रस खालच्या कप्प्यात उतरलेला, लोण्याच्या डबीत, अंड्यांवर, सगळीकडं. त्याच लोण्यात तिनं पॅनकेक परतले होते. सगळा जिना घाण मारत होता आणि ती त्याच्या मधोमध उभी होती, इस्त्रीचा एप्रन घालून.

एस्किलनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तो खाली गेला. तिनं दार लावलं, सिक्स्टनपुढं येऊन बसली.

"तुला येत होता वास?"

"आला होता."

"आणि खात बसलास?"

"हो."

"मागच्या गुरुवारी काही होतं का?"

त्यानं काटा खाली ठेवला. "सूप करपलं होतं. त्याच्या आधी दुधाला वास होता. नाताळातलं हॅम... ते जाऊ दे."

"मग बोलला का नाहीस रे बाबा?"

त्यानं बशी जराशी पुढं सारली. मग म्हणाला, "तुझ्यासारखी बाई असं चुकून करील होय? मला वाटलं, तुला लग्न नकोसं झालंय. तोंडानं सांगवत नाही म्हणून ताटातनं सांगतेयस. आज दारात वास आला तेव्हा म्हटलं, आता ही मला हाकलूनच लावतेय. पण मी ठरवलं होतं, उठायचं नाही."

बघ म्हणजे. चार महिने. ती भीत होती की चव गेली की हा जाईल, आणि हा सडका मासा गिळून बसला होता की ही जाऊ नये. आणि दोघंही तोंडातनं ब्र काढत नव्हते. आमच्याकडची माणसं.

मग तिनं सांगितलं. पायरी, डोकं, तुटलेले धागे, सगळं. सिक्स्टन ऐकत गेला, ऐकता ऐकता त्याचा चेहरा सैल पडत गेला आणि शेवटी तो हसला. मोकळा, पोटातनं. उठून तिला धरलंन आणि म्हणाला, "नाकच ना? नुसतं नाकच ना गं? मला वाटलं काय नि काय."

मनात काही वाईट नव्हतं त्याच्या. जीव भांड्यात पडला होता बिचाऱ्याचा. पण मायलिस मला सांगत होती, ते 'नुसतं' तिला फार लागलं. तिचं सगळं आयुष्य त्या नाकावर उभं होतं. आईच्या स्वयंपाकघरापासून, पोरांच्या ताटांपासून, सिक्स्टनच्या गळपट्ट्याला यायच्या डिझेलपर्यंत. ते गेलं होतं आणि तो आनंदानं तिची पाठ थोपटत होता.

थोड्या वेळानं त्याचं त्यालाच काही सुचलं आणि तो गंभीर झाला. मनानं चांगला माणूस, त्यामुळंच तर घोळ. म्हणाला, "म्हणजे मी एवढे दिवस तुझ्यापुढं खाण्याच्या गप्पा मारत होतो. केवढा छळ झाला असेल तुझा. आता ते बंद. ती ट्रिपपण नको. मी खात बसणार आणि तू बघत बसणार, कसला हनीमून तो? रद्द करू या. हो ना?"

मायलिसला सांगायचं होतं, नको. बाकी काही कर पण बोलणं बंद करू नकोस. तू बोलतोस तेवढंच मी खाते. बोलायला म्हणून तिनं श्वास घेतला, आणि मध्येच हुंदका आला, तो दाबायला तिनं ओठ मिटले. झालं एवढंच. नुसता श्वास आत गेल्याचा आवाज.

सिक्स्टननं ते 'हो' धरलं.

त्याचा हात तिच्या हातावर होता. तो म्हणाला, बरं, मग ठरलं. आणि उठून फ्रिज पुसायला घेतला. गरम पाणी, सोडा, सगळे कप्पे काढून. इतका मन लावून पुसत होता की तिला त्याला थांबवता आलं नाही. खिडकी तशीच उघडी होती. ताटातला बोलोन्या थंड होऊन कडक झाला, तो तिनं कचऱ्यात टाकला.

जूनमध्ये लग्न झालं. नगरपालिकेच्या ऑफिसात, मी साक्षीदार. मग दोघं आठवडाभर डोंगरात गेले, बरोबर कागदात गुंडाळलेले सँडविच. डोंगर कसे होते म्हणून विचारलं तर मायलिस म्हणाली, उंच होते.

आता तो तिच्याकडंच राहतो. गुरुवारी सूप, पॅनकेक, सगळं रीतसर. दूध तो हुंगून देतो, लोणी तो हुंगतो, तवा तापला की सांगतो. पण खाण्याबद्दल एक शब्द नाही. टीव्हीवर कुणी कांदा चिरायला लागलं तरी उठून बंद करतो. रस्त्यावर आडवी आलेली रेनडिअरं, टायर, नवा मॅनेजर, असलं काहीतरी बोलतो, आणि तेही संपलं की दोघं खिडकीबाहेर बघत जेवतात. मी एकदा गेलो होतो जेवायला. काटे वाजतात तेवढेच.

गेल्या महिन्यात पातेलं ढवळता ढवळता ती मला म्हणाली, "त्यानं मला फार जपलं. जपता जपता उपाशी ठेवलं." मी म्हटलं, मग सांग ना त्याला. तर म्हणते, सांगितलं तर बोलेल, पण आजाऱ्याला औषध दिल्यासारखा बोलेल. चमचा मोजून. तसलं नको मला. आणि माझ्याकडनं शब्द घेतला की मीही त्याला काही सांगायचं नाही. दिला मी शब्द. काय करणार? डोळ्यात बघून मागत होती.

पण तू काही शब्द दिलेला नाहीस. उद्या सकाळी शहराला जाणार आहेस ना? या गावातनं एकच बस जाते आणि ती तो चालवतो. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बस. मायलिसचं नाव काढू नकोस, माझंही नको. परका माणूस आहेस, सहज विचारल्यासारखं विचार, म्हणावं इटलीला जायचा विचार आहे, बोलोन्यात जेवायला काय मिळतं. आधी तो उत्तर देणार नाही, आरशात बघेल आणि गिअर बदलेल. तू पुन्हा विचार. शहर येईपर्यंत विचारत राहा. एवढं कर माझ्यासाठी.