हाताचं वळण

मास्तरांनी नवी कात्री टेबलावर ठेवली तशी तिने हातातलं काम बाजूला सारलं. शिवणकामाच्या त्या दुकानात तिने चौदा वर्षं काढली, पण मास्तरांनी आपल्यासाठी स्वतःहून काही आणल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने हात पुढे केला.

"तुला नाही गं, हिला," मास्तर हसले. "डाव्या हाताची आहे, मुद्दाम मागवली. डावरी माणसं भारी हुशार असतात, माहितीये?"

परवाच कामावर लागलेली मुलगी लाजली. तिने डाव्या हाताने कात्री उचलली, आणि मास्तर त्या हाताकडे बघतच राहिले. असं बघणं आपल्या वाट्याला यावं म्हणून तिने चौदा वर्षं जिवाचं रान केलं होतं.

दुकानात नवी आली तेव्हा तीही या मुलीसारखी डावरीच होती. लहानपणी आईच्या उलथन्याचे फटके खाऊनही हा हात बधला नव्हता. मग मास्तर एकदा सहज म्हणाले, "डाव्या हाताने कापतेस, बघवत नाही गं." झालं! वर्षभर घरी जुन्या चादरी कापून तिने उजव्या हाताला वळण लावलं. बोटांना फोड आले, तर त्यांचंही तिला कौतुक. मास्तर मागे उभे राहून तो हात धरून रेघ दाखवत, तेव्हा अंगावर काटा येई. तेवढ्यासाठी ती मुद्दाम चुकायची. मास्तर वैतागतात म्हणून मोठ्याने हसणं सोडलं. आलेली दोन स्थळं मोडली. "अगं, तुझ्यात तू कुठे उरलीस?" असं विचारणाऱ्या धाकट्या बहिणीशी अबोला धरला. मास्तरांनी यातलं काहीच मागितलं नव्हतं, हीच तर खरी फसगत.

मास्तर चहाला गेले, मुलगी नवी कात्री टेबलावर ठेवून कापड आणायला आत गेली. तिने ती कात्री घेतली, चिंधीवर खडूने रेघ मारली आणि डाव्या हाताने कापू लागली. कात्री भरकटली. पुन्हा कापलं, पुन्हा वाकडं. स्वतःचाच हात, पण पाहुण्यासारखा बावरलेला. तिला मास्तरांचा राग आला, त्याहून स्वतःचा आला, आणि त्या रागातही, ते आता येतील म्हणून तिने केस सारखे केले.

"ताई, मास्तर म्हणाले, बाही कशी बेतायची ते तुम्ही दाखवाल," मुलगी जवळ येऊन म्हणाली. "पण तुम्हाला डाव्या हाताचं कसं कळणार? तुम्ही उजव्या ना?"

"हो," तिने कात्री मुलीला दिली. "जन्मापासून."

मुलीने एका दमात बाही सरळ कापली. तिने ती मुलीपुढून उचलली आणि उजव्या हाताने कडेचे धागे झटकून दिले.