उसने पाय

मॅनहॅटनच्या नृत्यशाळेत नाचगाण्याच्या सिनेमाचं शूटिंग सुरू होतं. मेकअपवाल्या बाईंनी नेमकी मागच्या रांगेत नाचणाऱ्या लोरेनालाच हाक मारली, तशी ती धावत गेली.

"बूट काढ गं," बाई म्हणाल्या. रोजच्या नाचानं काळीनिळी पडलेली तिच्या पायांची बोटं बघून बघून त्यांनी तसेच डाग हिरॉइनच्या गुळगुळीत पायांवर रंगवले. त्या भवानीला धड गिरकीसुद्धा घेता येत नव्हती!

सिनेमा लागला. पडद्यावर ते पाय दिसताच शेजारी बसलेल्या आईनं डोळ्यांना रुमाल लावला. "बिचारी पोर! किती सोसलंय गं हिनं!"

लोरेनाच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी हीच आई रोज ओरडायची, "झाक ते पाय, जेवताना किळस येते."

लोरेनानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.